मानशीचं यंत्र

यंत्र तळहाताएवढं. हिरवी पाटी, एक दिवा,
आणि प्रोसेसर असा, की त्याच्या कंपनीने
दुकान गुंडाळून नऊ वर्षं झाली.
त्याच्यावर कंपायलर चालत नाही.
चालवायला गेलं तर पहिल्याच फाइलच्या अर्ध्यात
मेमरी संपते:
रुमालावर खंडीभर भात वाळत घालावं
तशी गत.

म्हणून त्याचं सगळं मी इथे शिजवते,
पणजीत, मळ्यातल्या दुसऱ्या मजल्यावर,
आणि डबा रायबंदरच्या फेरीने
दिवाडीला जातो.

तिथे खाजन, खाजनाला बांध, बांधाला मानस.
तिची लाकडी दारं भरतीला आपली आपण मिटतात,
ओहोटीला उघडतात,
त्यांना कुणी प्रोग्रॅम लिहिलेला नाही.
पण भोंसाने ठरवलं, रात्रीचं पाणी मोजायचं,
कारण कायतान आता शहात्तरचा
आणि टॉर्च घेऊन बांधावरून जाताना
दोनदा घसरलाय.

कंपायलर घडवायला कंपायलर लागतो.
भांडं आपलं, दूध आपलं,
पहिलं विरजण मात्र
नेहमी शेजारच्या घरचं.

मंगळवारी रात्री बांधणी लावली.
पावणेतीनला कोसळली.
'बेकायदा सूचना', एवढंच म्हणाली,
पोलिसपाटलासारखी.
पहाटे कळलं:
हे पॅकेज वाटेत स्वतःसाठी
एक छोटं हत्यार घडवतं, तक्ते मांडायला,
आणि जागच्या जागी चालवू पाहतं.
मी सगळ्याला दिवाडीची भाषा दिलेली,
तेव्हा हत्यारही दिवाडीचंच झालं
आणि माझ्या लॅपटॉपने त्याला
ओळख दाखवली नाही.

मग दोन कंपायलर वेगळे मांडले,
इकडचा आणि तिकडचा.
अकरा ठिकाणी 'तिकडचा' खोडून 'इकडचा' लिहिलं.
बारावी जागा सापडली ती
माझ्याच हातची होती, गेल्या वर्षीची.

गुरुवारी डबा मीच नेला.
कायतानने झाकण काढलं, तारा जोडल्या,
दिवा लागला.
पडद्यावर आकडा: दोनशे छप्पन्न सेंटिमीटर.
कायतान वाकून उंबऱ्याकडे बघत म्हणाला,
"म्हणजे आपण दोघंही आत्ता बुडालेली आहोत."

उंबऱ्यावर पाणी होतं एक सेंटिमीटर.
दोनशे छप्पन्न म्हणजे तो एकच,
उलट्या टोकाकडून वाचलेला.
इथली यंत्रं लहान बाजू आधी ठेवतात,
हे मोठी आधी मागतं.
मी म्हटलं, बघ, पंचवीस म्हणताना
पाच आधी येतो, वीस मागून.
तो म्हणाला, "शाळेत मास्तरासमोर व्हिंत-इ-सिंकु,
वीस आधी. बाजारात बांगडे घेताना पंचवीस.
चुकलं तर छडी फक्त शाळेत."

एक ओळ बदलायची होती. फक्त एक.
पण ती इथे बसून बदलून
इथेच बांधता येत नाही,
सगळं दुखणं तेच.
पुन्हा फेरी, पुन्हा जिना,
चाळीस मिनिटं पंख्याचा आवाज,
पुन्हा फेरी. तिकीट कापणाऱ्याने
तिसऱ्या खेपेला विचारलं, माहेर कुठलं?

संध्याकाळी पडद्यावर शून्य आलं.
उंबरा कोरडा होता, चिखलात एक खेकडा
आमच्याकडे बघत तिरका चालला.
कायतानने बोट लावून खात्री केली,
मग खिशातल्या वहीत शून्य लिहिलं.
वही तो सोडणार नाही. मी सांगितलंही नाही.

घरी येऊन नोंद टाकली:
'आकड्यांची दिशा सुधारली.
दिवाडीच्या मानशीवर तपासलं, ओहोटीला.
भरतीला अजून नाही.'